कमी ताकदीच्या गाडीमागे पाण्याची ट्रॉली: जोडण्याआधी आणि जोडल्यावर

"ट्रॅक्टर वढतंय ना चार टन, मंग बोलेरोला काय धाड भरली?"

एप्रिल लागला, विहिरीने तळ दाखवला, मोसंबीने मान टाकली की पारावर हा प्रश्न हमखास निघतो. ऐकायला बिनतोड आहे. ट्रॅक्टर पस्तीस-चाळीस हॉर्सपॉवरचा, बोलेरो ७५ ची. मग दुप्पट ताकदीची गाडी निम्मं वजन ओढताना का धापा टाकते?

कारण हॉर्सपॉवर म्हणजे नुसता जोर नव्हे. जोर आणि वेग यांचा तो गुणाकार आहे. ट्रॅक्टर खालच्या गिअरमध्ये माणसाच्या चालीने जातो, त्यामुळे तीच ताकद त्याच्याकडे प्रचंड जोर होऊन चाकाशी येते. बोलेरोचा पहिला गिअर तितका सावकाश चालतच नाही. जड वजन जागेवरून हलवताना वेगातला हा फरक क्लच घासून भरून काढतो, आणि जळका वास येतो तो तिथूनच. शिवाय ट्रॅक्टरचं बहुतेक वजन मागच्या दोन मोठ्या चाकांवर असतं, हूक जमिनीलगत असतो आणि तो रस्त्यावर ट्रॉलीसकट साधारण वीस-पंचविसाने पळतो. चूक झालीच तरी हळू होते. जीप साठच्या वेगाने चूक करते.

पुढचं सगळं अशांसाठी आहे, ज्यांच्याकडे ट्रॅक्टर नाही, दारात बोलेरो, जुनी सुमो किंवा तसलीच एखादी डिझेल गाडी उभी आहे, आणि बागेला, जनावरांना किंवा बांधकामाला पाण्याची टाकी न्यायची आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: हजार लिटरची एक खेप करण्यापेक्षा पाचशे लिटरच्या दोन खेपा करा. डिझेल थोडं जास्त जाईल. पण क्लचप्लेट, ब्रेकचे लायनर आणि घाटातली तुमची झोप यांचा हिशोब धरला तर दोन खेपाच स्वस्त पडतात. का, ते पुढच्या आकड्यांवरून दिसेल.

आधी गाडी बघा, मग ट्रॉली

गाडीखाली वाका. पुढून मागपर्यंत लोखंडी चासी गेलेली असेल तर हूक बसवायला जागा आहे. बोलेरोला ती आहे, शिवाय जोर मागच्या चाकांना जातो आणि मागे पाटे आहेत. हल्लीच्या बऱ्याच छोट्या एसयूव्हींना वेगळी चासी नसते, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार घेतो आणि जोर पुढच्या चाकांना जातो. अशा गाडीच्या शेपटाला वजन टेकवलं की पुढची चाकं हलकी होतात आणि नेमकी चढावर जागेवरच फिरायला लागतात. बाहेरून गाडी कितीही उंच आणि रुबाबदार दिसो, पाण्याच्या ट्रॉलीसाठी तिचा नाद सोडा.

मग गाडीसोबत मिळालेलं पुस्तक काढा. त्यात ओढण्याच्या वजनाचा आकडा दिला असेल तर तीच मर्यादा. नसेल तर कंपनीने हे काम गृहीत धरलेलं नाही असा अर्थ घ्या, आणि हूक बसवायच्या आधी आरटीओत आणि विमावाल्याकडे विचारा. हा सल्ला कुणालाच आवडत नाही, पण अपघातानंतर विमावाला पहिला फोटो हुकाचाच काढतो. ट्रॉलीचंही स्वतंत्र पासिंग लागतं, ती कायद्याने वेगळं वाहन आहे. मंजूर वजनापेक्षा जास्त भरलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड २०,००० रुपयांपासून सुरू होतो आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,००० लागतात. पांढऱ्या पाटीच्या गाडीने पाणी विकायचा धंदा करता येत नाही, त्याला धंद्याचाच परवाना हवा. आणि ट्रॉलीत माणसं बसवायची नाहीत, अगदी शेतातल्या शेतातही.

पाचशेच का

पाण्याचं एक सुख आहे. लिटर म्हणजेच किलो, अंदाज करावा लागत नाही. पाचशे लिटर पाणी आणि अडीचशे किलोची हलकी ट्रॉली मिळून झाले ७५० किलो. युरोपात आणि ऑस्ट्रेलियात ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसले तर तिची मर्यादा याच आकड्यावर येऊन थांबते. त्यापुढे ट्रॉलीला ब्रेक सक्तीचे. आपल्याकडे गावात वेल्डिंगवाला जी ट्रॉली बनवून देतो तिला ब्रेक नसतात, हे तुम्हीही जाणता. म्हणजे ट्रॉलीचं सगळं वजन गाडीच्या ब्रेकवर येतं, आणि ते ब्रेक गाडी आणि तिच्यातल्या माणसांपुरते बनवलेले असतात.

हजार लिटरच न्यायचं असेल तर ओव्हररन ब्रेकची ट्रॉली घ्या. गाडीने ब्रेक लावला की ट्रॉली पुढे रेटा देते, आणि त्याच रेट्याने तिच्या दांडीतली कळ दबून तिचे स्वतःचे ब्रेक लागतात. ही यंत्रणा तयार विकत घ्यावी. गावठी नक्कल करू नये.

आता हजार लिटरचा हिशोब. मजबूत ट्रॉलीचे चारशे किलो धरा, म्हणजे मागे १.४ टन. गाडी आणि दोन माणसं पावणेदोन टन. एकूण सव्वातीन टनांच्या आत-बाहेर. वीस फुटाला एक फूट अशा चढावर, चांगल्या डांबरावर, हे सगळं वर न्यायला सुमारे दोनशे किलोचा जोर सतत लागतो. चाळीसच्या वेगाने चाकाशी ३२ हॉर्सपॉवर लागतील, साठच्या वेगाने पन्नासच्या वर. ७५ हॉर्सपॉवर मिळतात त्या इंजिन पूर्ण फिरत असताना, आणि त्यातल्याही काही गिअरबॉक्स आणि जॉइंटमध्ये जातात. म्हणजे साठाने चढलात तर आकडा कसाबसा बसतो, हाताशी राखीव काही उरत नाही. समोरून एसटी आली आणि वेग मोडला की परत तो वेग मिळत नाही.

गंमत अशी की घाटापेक्षा पांदण, म्हणजे शेतात जाणारी कच्ची वाट, जड जाते. डांबरावर चाक फिरवायला वजनाच्या दीड-दोन टक्के जोर लागतो. भुसभुशीत मातीत तो दहा टक्क्यांपर्यंत जातो. म्हणजे सपाट पांदणीत तीच ट्रॉली तीनशे किलोचा जोर मागते, वरच्या चढापेक्षा दीडपट. घाट चढून आलेली गाडी शेताच्या तोंडाशी क्लच जाळते, ती अशी. पांदणीवर मुरूम पडलेला असेल तर प्रश्न नाही. नसेल तर टाकी डांबराच्या कडेला उभी करून पाइप लावा आणि छोट्या पंपाने पाणी आत घ्या. पाऊस पडून गेल्यावर काळ्या रानात ट्रॉली घालायचा विचारही करू नका. ती बाहेर काढायला शेवटी ट्रॅक्टरच बोलवावा लागेल.

काट्यावर जाऊन या

मराठवाड्यात कापूस, सोयाबीन आणि ऊस यांच्या कृपेने तालुक्याच्या प्रत्येक गावाला वजनकाटा आहे. थोडके पैसे घेऊन ते गाडी तोलून देतात. त्याचा उपयोग नव्या माणसाने केलाच पाहिजे, कारण ट्रॉलीचं एकूण वजन जितकं महत्त्वाचं, तितकंच ते हुकावर किती टेकलंय हेही.

ट्रॉली टाकी भरून न्या. आधी ती गाडीपासून सोडवून, दांडीच्या टेकूसकट पूर्ण काट्यावर उभी करा आणि वजन घ्या. मग ट्रॉली गाडीला जोडा आणि अशी उभी करा की फक्त ट्रॉलीची चाकं काट्यावर असतील, गाडी बाहेर. दुसरं वजन पहिल्यापेक्षा कमी भरेल. जो फरक येतो तेवढं वजन गाडीच्या हुकावर आहे. ते ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के हवं. ७५० किलोच्या ट्रॉलीला ७५ ते ११० किलो, १.४ टनांच्या ट्रॉलीला १४० ते २१० किलो. मोठे काटे पाच-दहा किलोंच्या टप्प्याने दाखवतात, तेव्हा किलो-किलोचा काथ्याकूट करू नका.

दहा टक्क्यांपेक्षा कमी भरलं तर ट्रॉली वेगात डावी-उजवी हेलकावे खाणार. पंधराच्या वर गेलं तर गाडीचं ढुंगण बसणार, पुढची चाकं हलकी होणार, स्टेअरिंग लोण्यासारखं सैल वाटणार आणि रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जाणार. दुरुस्ती सोपी आहे, टाकी सरकवायची. आसापासून हुकापर्यंत अडीच मीटर अंतर असेल तर हजार किलोची टाकी दहा सेंटिमीटर पुढे सरकवल्यावर हुकावर चाळीस किलो वाढतात. म्हणून टाकी कायमची वेल्ड करायच्या आधी काटा करा, नंतर नको. हुकावरचं वजन गाडीच्या डिकीतलंच समजायचं. पाण्याच्या खेपेला मागच्या सीटवर पाहुणे न्यायचे नाहीत.

टाकी एक तर काठोकाठ भरा, नाहीतर रिकामी न्या. अर्धी टाकी सगळ्यात वाईट. ब्रेक लावला की पाणी पुढे धावतं आणि गाडी थांबत आली असताना मागून धक्का देतं, वळणावर तेच पाणी बाहेरच्या बाजूला जातं. लोखंडी टाकी बनवून घेत असाल तर आत भोकं पाडलेल्या आडव्या पट्ट्या टाकायला सांगा. प्लॅस्टिकच्या टाकीला ते जमत नाही. ती नुसत्या दोरीवर ठेवू नका, चारही बाजूंनी अँगलची चौकट करा आणि वरून पट्टे आवळा.

हूक, साखळी, टायर

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला पिन आणि कडी असते. त्यात बोटभर ढिलाई राहते आणि प्रत्येक गिअरला खडाक्‌ असा आवाज येतो. ट्रॅक्टर ते सोसतो, जीपच्या चासीला काही महिन्यांत तडे जातात. जीपला ५० मिलिमीटरचा गोळा आणि त्यावर बसणारी कुलपाची कप हीच जोडणी ठेवा. हुकाची पट्टी चासीला बोल्टने बांधलेली हवी. बंपरला किंवा टोचनसाठी दिलेल्या कडीला ट्रॉली लावणं म्हणजे लॉटरी. बंद पडलेली गाडी गॅरेजपर्यंत नेण्यापुरतीच ती कडी असते. जोडल्यावर दांडी जमिनीला समांतर दिसली पाहिजे.

साखळ्या दोन, दांडीखालून एकमेकींना छेद देऊन. डावी साखळी उजव्या कडीत, उजवी डाव्या. हूक सुटलाच तर दांडी या फुलीवर झेलली जाते, रस्त्यात रुतत नाही.

टायरच्या बाबतीत लोक सगळ्यात जास्त काटकसर करतात. कुणाच्या तरी कारचे उतरवलेले टायर ट्रॉलीला चढवतात. टायरच्या भिंतीवर मापानंतर एक आकडा असतो, उदाहरणार्थ ९१. त्याचा अर्थ त्या टायरची वहनक्षमता ६१५ किलो. दोन टायर मिळून १२३० किलो. आता १.४ टनांच्या ट्रॉलीतून हुकावरचे १७० किलो वजा करा: उरतात नेमके १२३०. कागदावर बसलं. पण पहिल्याच खड्ड्यात एका चाकावर दुप्पट भार येतो. १०० आकड्याचा टायर ८०० किलो घेतो, तसला बघा. त्याच भिंतीवर चार आकड्यांचा शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी उन्हात पडून कडक झालेला जुना टायर मे महिन्याच्या बेचाळीस डिग्रीत आणि पूर्ण भारात टिकत नाही. हवा थंड टायरमध्येच तपासा.

दहा-बारा किलोमीटर गेल्यावर थांबा आणि ट्रॉलीच्या दोन्ही हबजवळ, म्हणजे चाकांच्या मधल्या भागाजवळ, हात न्या. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर बेअरिंग कोरडं पडलंय किंवा जास्त आवळलंय.

मागचे दिवे, इंडिकेटर, लाल रिफ्लेक्टर यांवर मी जास्त लिहीत नाही. कारखाने सुरू झाल्यावर रात्री बिनदिव्याच्या उसाच्या ट्रॉल्यांमागून ज्याने गाडी चालवलीय, त्याला सांगायची गरज नाही.

चढ

तेलगावकडून धारूर घाट किंवा बीडकडून मांजरसुंब्याचा घाट चढायचा असेल तर पायथ्याशीच खालचा गिअर टाका. गाडी हापायला लागल्यावर गिअर पाडू नये, आधीच पाडावा. ७५ हॉर्सपॉवरच्या बोलेरोला २१० न्यूटन मीटरचा पूर्ण जोर १६०० ते २२०० आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) दरम्यान मिळतो. आरपीएमचा काटा त्या पट्ट्यात किंवा थोडा वर ठेवायचा. पंधराशेच्या खाली पाय दाबून गाडी घुमवत नेलीत तर जोर मिळत नाही, नुसतं तापमान आणि काळा धूर वाढतो. पाचवा गिअर ट्रॉलीच्या दिवशी विसरा.

तापमानाचा काटा वर सरकायला लागला तर एसी बंद, काचा खाली आणि हीटर पूर्ण चालू. मे महिन्यात हीटर म्हणजे वेडेपणा वाटेल. पण हीटर हा आतला छोटा रेडिएटरच आहे, इंजिनाची उष्णता तोही बाहेर काढतो. तरी काटा उतरला नाही तर रुंद जागा बघून थांबा, इंजिन दोन-तीन मिनिटं नुसतं चालू राहू द्या, मग बंद करा. इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोला गार व्हायला तेवढा वेळ द्यावा लागतो. रेडिएटरचं झाकण उघडायला जाऊ नका.

चढावर थांबावं लागलं तर हाफ क्लचवर गाडी तोलून धरायची नाही. हॅण्डब्रेक ओढा. सोबतच्याने खाली उतरून ट्रॉलीच्या चाकामागे दगड लावावा. निघताना क्लच थोडा सोडा, गाडीचं नाक किंचित उचललं की हॅण्डब्रेक सोडा, आणि क्लचवरून पाय लवकर काढा. तिसऱ्या प्रयत्नातही हलली नाही तर पाणी सोडा. पाचशे लिटर पाणी नवीन क्लचप्लेटपेक्षा स्वस्तच आहे, मग ते टँकरचं का असेना.

उतार

नवा माणूस चढाला घाबरतो. घाबरायचं असेल तर उताराला. चढावर ताकद कमी पडली तर गाडी थांबते, एवढंच. उतारावर ताकद कमी पडली तर ती थांबत नाही.

मघाचाच सव्वातीन टनांचा संसार त्याच चढावरून चाळीसने खाली आणला, तर वेग तेवढाच राखायला दहा-अकरा किलोवॉट उष्णता कुठेतरी जिरवावी लागते. म्हणजे एक-एक किलोवॉटच्या दहा विजेच्या शेगड्या चार चाकांत वाटून सतत पेटत्या. मिनिट-दोन मिनिटं ब्रेक ते सोसतील. मग लायनर तापतात, पेडल घट्ट असूनही गाडी थांबत नाही, आणि ब्रेक ऑइल जुनं असेल तर ते उकळून पेडल सरळ खालपर्यंत जातं. म्हणून ते ऑइल दोन वर्षांनी बदलावं.

जुने ट्रकवाले सांगतात ते इथे शब्दशः पाळा: ज्या गिअरने चढला असतात त्याच गिअरने उतरा. गिअर घाटाच्या तोंडाशीच टाकायचा. वेग चढला की ब्रेक ठामपणे दाबून पाच-सात किलोमीटरने उतरवा आणि पाय पूर्ण काढून घ्या. हलका पाय सतत टेकवून ठेवणं सगळ्यात घातक. न्यूट्रल कधीही नाही, डिझेल वाचवायला तर नाहीच नाही. चाळीसऐवजी साठने आलात तर थांबवायची ऊर्जा सव्वादोन पट होते, हेही लक्षात असू द्या.

ट्रॉली हेलकावे घ्यायला लागली तर ॲक्सिलेटरवरून पाय उचला, स्टेअरिंग सरळ घट्ट धरा आणि बाकी काही करू नका. उलट-सुलट स्टेअरिंग मारून ती सावरत नाही, जोरात ब्रेक मारला तर गाडीला वळसा घालून पुढे येते. हे बहुतेक उतारावर, किंवा मोठा ट्रक शेजारून गेल्यावर होतं. म्हणून सरळ रस्त्यावरही पन्नासच्या आत राहा. समृद्धीवर, जिथे शेजारून गाड्या १२० ने जातात, तिथे असली ट्रॉली न्यायचीच नाही.

मागे घेणं आणि सोडवणं

रिव्हर्स शिकायला बाजार समितीचं रिकामं आवार गाठा, टाकी रिकामी ठेवा. हात स्टेअरिंगच्या तळाशी धरा. ट्रॉलीचं शेपूट उजवीकडे जायला हवं असेल तर तो हात उजवीकडे, डावीकडे हवं तर डावीकडे. थोडंथोडंच फिरवा. दांडी आणि गाडी यांच्यात काटकोन व्हायला लागला की पुढे जाऊन सरळ व्हा. तसंच रेटलं तर बंपर आणि दांडी दोन्ही वाकतात.

सोडवताना आधी सपाट जागा, मग ट्रॉलीच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड, मग दांडीखाली टेकू, आणि सगळ्यात शेवटी साखळ्या आणि कुलूप. टाकी अर्धी भरलेली असेल तर ट्रॉली तशी सोडवू नका. आडव्या पट्ट्या नसतील तर दांडी थोडी वर होताच उरलेलं पाणी मागे धावतं, आणि दांडी झटक्याने वर उसळते. वाकून कुलूप उघडणाऱ्याची हनुवटी बरोबर त्याच जागी असते. आधी टाकी पूर्ण रिकामी होऊ द्या, तोवर गाडी जोडलेलीच राहू द्या.